टिकली लावलेलं घड्याळ

चिकलठाणा, औरंगाबाद
५ सप्टेंबर १९९३

चि. पारूस, त्रिंबकमामाचे अ. उ. आ.

तुझं पत्र दूधवाल्या कय्युमनं टेंपोतल्या कॅनवर ठेवून आणलं, त्यामुळं पाकिटाला आंबूस वास होता. आतला मजकूर मात्र बिनवासाचा. एवढं कोरडं पत्र मला फक्त कंपनी लिहिते.

तर एमबीएच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरलास, सरावाची पुस्तकं आणलीस, प्रश्न सुटतात पण वेळेत सुटत नाहीत. दोन तासांत दीडशे प्रश्न, आणि चुकलं की गुण कापतात. शिवाय वैशाखात पत्र्याच्या प्रेसमध्ये दाजींच्या उजव्या हाताची बोटं गेली, त्यांच्या जागी तुला घ्यायला कंपनी तयार आहे, पण जागा जानेवारीअखेरपर्यंतच धरून ठेवणार. म्हणजे परीक्षा एकदाच. नाही जमली तर तू आमच्या गेटातून आत. हे सगळं तू चार ओळींत लिहिलंस, जशी काही दुसऱ्या कुणाची हकिगत.

पोरी, वेळ पुरत नाही ही तक्रार घेऊन तू अगदी योग्य माणसाकडं आलीस, किंवा अगदी चुकीच्या. वीस वर्षं कंपनी मला एकाच कामाचा पगार देते: दुसरा काम करत असताना घड्याळ घेऊन त्याच्या मागं उभं राहायचं. टाइम स्टडी म्हणतात त्याला. मी आयुष्यात एक नट आवळलेला नाही, पण नट आवळायला किती वेळ लागावा हे माझ्या सहीशिवाय ठरत नाही. सरकारी खात्यांत असे लोक साहेब होतात, आमच्याकडं त्यांना फक्त शिव्या मिळतात.

आता नीट ऐक. गोळे काळे करायला आणि घाम पुसायला थोडी मिनिटं बाजूला काढली, तर एका प्रश्नाच्या वाट्याला पाऊण मिनिट येतं. त्यात सुटला तर ठीक. नाही सुटला तर सोड, पुढं हो, आणि वळून पाहू नकोस. वळून पाहणाऱ्याचा वेळ दोनदा जातो, एकदा प्रश्नावर आणि एकदा हळहळण्यात. सगळा पेपर एकदम सोडवायला घेऊ नकोस, दहा-दहा प्रश्नांचे तुकडे कर. यंत्रावर नवा माणूस असाच तयार करतात.

सोबत माझं जुनं घड्याळ पाठवतो. डोक्यावरचं बटण दाबलं की पळतं, पुन्हा दाबलं की थांबतं. कंपनीनं ते मोडीत काढलं, पण अजून माझ्यापेक्षा बरं चालतं.

विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव विधानसभेनं अठ्ठ्याहत्तर साली केला. पंधरा वर्षं झाली, त्यापायी गरिबांची घरं जळाली, माणसं गेली, आणि तो प्रश्न अजून सोडवायचाच आहे. अशा मुलखात राहून तुला पाऊण मिनिटात उत्तर द्यायचंय. तेव्हा जड जाणारच.

राजाबाईस आशीर्वाद. दाजींना नमस्कार सांग, घेतील तेव्हा घेतील. लोभ आहेच, त्याला गंज चढू देऊ नका म्हणजे झालं.

तुझा
त्रिंबकमामा


वाडी, फुलंब्रीमार्गे
२६ सप्टेंबर १९९३

ती. त्रिंबकमामांस, पारूचा शि. सा. न. वि. वि.

घड्याळ पोचलं. कय्युमभाईंनी ते टोपीत गुंडाळून आणलं होतं. वाटेत त्याची टिकटिक ऐकून गाडीत बसलेल्या दोघांनी बाँब आहे की काय असं विचारलं, म्हणून त्यांना पडेगावच्या एका बाईच्या नवसाची वस्तू आहे असं काहीतरी सांगावं लागलं म्हणे.

सराव सुरू केला आहे. दर वेळी आकडा शोधण्यात डोळे अडकतात, म्हणून पाऊण मिनिटाच्या जागी काचेवर आईची लाल टिकली चिकटवली. काटा अर्धं वर्तुळही चालत नाही तोच टिकली येते. पाऊण मिनिट एवढं लहान असतं हे मला ठाऊक नव्हतं. दहांतले चार प्रश्न जेमतेम बसतात. बाकीचे सोडते. वळून पाहत नाही.

आप्पा ओट्यावर बसतात. उजवा हात सदऱ्याच्या खिशात असतो. नसलेली बोटं खाजतात, असं ते एकदा आईला म्हणाले. मी बटण दाबलं की ते उठून शेळ्यांकडं जातात. मी पाठ फिरवून बसले तरी त्यांना आवाज कळतो.

आई विचारते, तुम्ही वैशाखापासून आला का नाहीत. दवाखान्यातही बाहेरूनच चौकशी करून गेलात असं तिला कुणी सांगितलं. मी म्हटलं, मामांना शिफ्ट असते. तिनं मान हलवली.

दसऱ्याला आलात तर आई बासुंदी करणार आहे. न आलात तरी करणार आहे. आपली माया आहे तशीच राहावी.

आपली
पारू


चिकलठाणा
१७ ऑक्टोबर १९९३

चि. पारूस, अ. उ. आ.

घड्याळाला टिकली लावलीस. आता हळदीची तारीख कळव, आहेर घेऊन येतो. वीस वर्षं ते घड्याळ बाप्या माणसांत वावरलं, तुझ्या हाती पडल्यावर लगेच सवाष्ण झालं.

किल्लारीच्या भूकंपापासून इथं जो तो आपली खाट कशी हलली ते सांगतो. लातूरकडं अख्खी गावं गेली आणि आमच्या कँटीनमध्ये खाटांच्या गोष्टी चालल्यात. कंपनीनं एक दिवसाचा पगार पाठवला, त्याचा फोटो नोटीस बोर्डावर लागला आहे. फोटोत साहेब आहेत, पगार आमचा आहे.

दहांतले चार. पारू, हे काही खरं नाही. पाऊण मिनिट म्हणजे लहान नव्हे. पाऊण मिनिटात आमच्या प्रेसवरचा माणूस सात पत्रे ठोकतो आणि मधेच मालकाला एक शिवी घालतो. तू प्रश्नाचा शब्द न् शब्द वाचत बसत असशील. तुझी ती जुनी खोड आहे, लग्नपत्रिकासुद्धा छापखान्याच्या नावापर्यंत वाचतेस. आधी पर्याय बघ, मग प्रश्न. उताऱ्याचं पहिलं आणि शेवटचं वाक्य बघ, मधलं सोड. मधे कुणी काही महत्त्वाचं लिहीत नाही.

तुला आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. मी मागं जाऊन उभा राहिलो की माणसाचा हात जड होतो. स्क्रू खाली पडतो, घाम पुसावा लागतो, पाणी प्यावंसं वाटतं. जेवढं हळू कराल तेवढं कामाचं प्रमाण, म्हणजे रोज किती नग काढायचे तो आकडा, सैल बसतं, हे यंत्रांच्या शॉपमधल्या झाडूवाल्यालाही माहीत असतं. मग मी मनातल्या मनात त्यातून थोडं कापून खरा वेळ काढतो. ते मला फसवतात, मी त्यांना फसवतो, आणि मधे कुठंतरी प्रमाण ठरतं. सगळ्यांचं बरं चालतं. वीस वर्षांत माझं घड्याळ पाहून हात जड न केलेला एकच माणूस भेटला. त्याच्यावरून प्रमाण ठरलं. असो.

तू मात्र ढोंग करत नाहीस, तुझा हात खरंच जड आहे. वाढव वेग.

दसऱ्याला यायचं जमणार नाही, शिफ्ट आहे. बासुंदी कय्युमच्या हाती पाठवू नका, पडेगावपर्यंत पोचणार नाही. मायेत कसूर नको.

त्रिंबकमामा


वाडी
२१ नोव्हेंबर १९९३

ती. त्रिंबकमामांस, शि. सा. न. वि. वि.

आता दहांतले आठ टिकलीच्या आत होतात. तुम्ही सांगितलं तसं मधलं वाचत नाही. काल एक उतारा केला, पाचही उत्तरं बरोबर आली. उतारा कशावर होता ते आईनं विचारलं. मला सांगता आलं नाही. मासे होते बहुतेक, किंवा बँका.

आधी जमत नसलं की रडू यायचं. आता येत नाही. बरंच झालं, त्यात वेळ जात होता.

बटणाची सवय लागली आहे. आईची भाकरी थापून तव्यावर पडेपर्यंत, शेळीचं दूध निघेपर्यंत, अंगठा आपोआप दाबतो. परवा पुतळाबाई आत्या आली होती. आप्पांचा हात खिशातून बाहेर काढून, आपल्या मांडीवर घेऊन ती रडायला लागली. माझा अंगठा बटणावर गेला. ती रडली दोन टिकल्या आणि थोडं वर. मला काही वाटलं नाही. हे वाईट आहे का ते तुम्हाला विचारायचं होतं, पण तुम्ही मोजणारेच आहात, म्हणून राहू दे.

कंपनीचे क्लार्क कागद घेऊन आले होते. एकतीस जानेवारीच्या आत हजर व्हायचं. प्रेसवर नाही, पॅकिंगला, असं त्यांनी दोनदा सांगितलं. चहा घेतला. आप्पांनी त्यांना पॅकिंगला किती खोकी भरावी लागतात एवढंच विचारलं. क्लार्क म्हणाले, ते टाइम स्टडीवाले ठरवतात. आप्पा म्हणाले, व्हय.

आईच्या मते मी बारीक झाले आहे. लोभात अंतर पडू नये.

पारू


चिकलठाणा
५ डिसेंबर १९९३

चि. पारूस, अ. उ. आ.

आठ झाले ना, मग पुरे. पुतळाबाईच्या रडण्याचं म्हणशील तर मी तिला लग्नापासून ओळखतो, दोन टिकल्यांत आवरलं हे नवलच. बाकीचा प्रश्न मी सोडला. पाऊण मिनिट केव्हाच होऊन गेलं.

येत्या रविवारची व्यवस्था अशी. विद्यापीठाच्या नावाची बोलणी पुन्हा सुरू आहेत. या वेळी होणारच असं निम्मा शॉप म्हणतो, या वेळीही नाही असं उरलेला निम्मा. पुंजाराम फिटरच्या भावाचं घर अठ्ठ्याहत्तरला गेलं होतं. तो दोन्हीकडच्यांचं ऐकून घेतो आणि डबा खातो. चौकाचौकांत पोलीस आहेत आणि एस.टी.चा भरवसा नाही, तेव्हा पहाटे कय्युमच्या टेंपोनं ये. पुढं बस, कॅनवर नको. तो तुला थेट परीक्षेच्या कॉलेजच्या गेटाशी सोडेल, असा त्यानं शब्द दिला आहे.

आपलं घड्याळ आत नेऊ देणार नाहीत, म्हणून माझं मनगटी घड्याळ पाठवतो. पट्ट्याला अजून एक भोक पाडून घे. याला टिकली लावू नकोस.

मी गेटावर येणार नाही. शिफ्ट नाही, रविवार आहे, तरी येणार नाही. मी जवळ उभा राहिलो की माणसांच्या हातांचं काय होतं ते तुला लिहिलं आहे. बहुतेकांचे जड होतात. एखाद्याचा पळायला लागतो, आणि ते जास्त वाईट.

नियम तेच. पाऊण मिनिट. वळायचं नाही. पॅकिंगला आलीस तर माझ्याच घड्याळाखाली येशील, हे लक्षात ठेव आणि सोडव.

आशीर्वाद आहेतच, मोजून दिलेले नाहीत.

त्रिंबकमामा


वाडी
१४ डिसेंबर १९९३

ती. त्रिंबकमामांस, शि. सा. न. वि. वि.

परीक्षा झाली. झालं ते सगळं क्रमानं लिहिते.

कय्युमभाईंनी गेटाशी सोडलं आणि हळू लिवना बेटी, दूध उतू नहीं जा रा, असं म्हणून निघून गेले. मला हसू आलं नाही. पेपर हातात आला आणि मी सुरू झाले. डोक्यात टिकली होतीच, घड्याळ लागलं नाही. सोडवायचे ते सोडवले, सोडायचे ते सोडले, पान उलटलं, पुन्हा पान उलटलं. मग पुढं पानच नव्हतं.

मनगटावर पाहिलं. पन्नास मिनिटं उरली होती.

मला वाटलं तुमचं घड्याळ बंद पडलं. कानाला लावलं, चालू होतं. मग वाटलं पानं चिकटली असतील. पानं मोजली. मग पर्यवेक्षक बाईंना वेळ विचारली. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट केलं आणि शांत बसायला सांगितलं. आजूबाजूला सगळ्यांच्या माना खाली. माझ्या पुढचा मुलगा तर श्वासही तोंडानं घेत होता. एवढ्या मोठ्या खोलीत वेळ फक्त माझ्याकडं होता, आणि त्याचं काय करायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

थोडा वेळ हात बांधून बसले. मग मामा, मी वळले. सोडलेल्या पहिल्या प्रश्नाकडं गेले. दोन नळ आणि एक गळकी टाकी होती. सावकाश वाचला. सुटला. दुसरा सुटला. मग उताऱ्याकडं गेले, मधलं सगळं वाचलं. एका बेटावरच्या लोकांबद्दल होतं. त्यात एक म्हातारी होती. मासेमारीला गेलेली होडी परत आली नाही तरी ती रोज संध्याकाळी तिच्या जागी दोर बांधून ठेवायची. पहिल्यांदा वाचताना मला ती दिसलीच नव्हती. तीन उत्तरं चुकीची दिली होती, खोडून नीट केली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. उत्तरपत्रिकेवर पडू नये म्हणून मान वर करून बसले. किती वेळ ते मोजलं नाही.

घरी येऊन दोन्ही घड्याळं शेजारी ठेवली आणि एकदम सुरू केली. तुमच्या मनगटी घड्याळाचं एक मिनिट झालं तेव्हा त्या घड्याळाच्या काट्याचा एक फेरा झाला. पण त्या तबकडीवर खुणा साठ नाहीत, शंभर आहेत. पाऊण मिनिट पंचाहत्तरावर येतं. मी सेकंद समजून टिकली पंचेचाळिसावर लावली होती. म्हणजे तीन महिने मी अर्ध्या मिनिटाहूनही कमी वेळात पळत होते, आणि मला वाटत होतं की मीच मंद आहे.

आप्पा ओट्यावरून बघत होते. मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं का. म्हणाले, व्हय, एक फेरा म्हणजे एक मिनिट. मग टिकली चुकीच्या जागी आहे हे सांगितलं का नाही, असं विचारलं. ते म्हणाले, मामानं बसवलेलं प्रमाण असंल असं वाटलं.

एवढंच. जीव लावत आलात, पुढंही लावावा.

पारू


चिकलठाणा
२० डिसेंबर १९९३

चि. पारूस आशीर्वाद.

पत्र वाचलं.

आमच्या कामात सेकंद नसतात. मिनिटाचे शंभर भाग करतात, बेरीज-भागाकार सोपा पडतो. वीस वर्षांत हे मला कुणाला सांगावं लागलं नाही, कारण ज्याला सांगावं लागेल त्याला आम्ही तबकडी दाखवत नाही. दाजींना दाखवली होती, घरचे म्हणून.

काटा अर्धं वर्तुळही चालत नाही, असं तू सप्टेंबरातच लिहिलं होतंस. मी ते वाचलं होतं आणि टिकलीवर विनोद केला होता.

आज शॉपमध्ये एकाच्या मागं जाऊन उभा राहिलो, पण घड्याळ सुरूच केलं नाही. तो बिचारा जेवणाच्या सुट्टीपर्यंत उगाच हळू काम करत राहिला.

थंडी आहे. जपून असा.

त्रिंबक


वाडी
१ फेब्रुवारी १९९४

ती. त्रिंबकमामांस, शि. सा. न. वि. वि.

तुमचं नंतर पत्र नाही. कय्युमभाई सांगतात, तुम्ही बरे आहात, पण बोलत नाही. तुम्ही आणि बोलत नाही, हे ऐकून आईनं देवापुढं नारळ ठेवला.

मुलाखतीचं बोलावणं आलं आहे. मार्चात, मुंबईला. पोस्टमननं पाकीट आप्पांच्या हाती दिलं. त्यांनी ते गुडघ्यात धरून डाव्या हातानं फोडलं, मला फोडू दिलं नाही. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

बरोबर विद्यापीठाचा दाखला लागतो. मी फॉर्मवर जुनं नाव लिहिलं होतं, दाखल्यावर आता नवं येईल. चौदा जानेवारीला विद्यापीठाचं नाव बदललं तेव्हा तिथल्या गेटावर लई गर्दी होती. कय्युमभाईंचा टेंपो अर्धा दिवस अडकला आणि दूध नासलं, पण त्यांनी तक्रार केली नाही. पुंजाराम फिटर आपल्या भावाला घेऊन तिथं गेले होते, असं ते म्हणाले. दोघं गेटाकडं बघत उभे होते म्हणे. मुलाखतीत नावं दोन का, असं कुणी विचारलं तर काय सांगायचं ते मी ठरवलं आहे. सावकाश सांगणार आहे.

बोलावणं म्हणजे प्रवेश नव्हे, हे मला कळतं. कंपनीची जागा कालपर्यंत होती. काल मी दिवसभर घरी होते. शेळ्यांना पाला घातला, आईला दळण आणून दिलं. आप्पांनी जा म्हटलं नाही, नको जाऊ म्हटलं नाही. संध्याकाळी त्यांनी फक्त विचारलं की पाच वाजून गेले का. मी गेले म्हटलं. त्यांनी हात खिशातून काढला आणि ओट्यावर ठेवला.

आता ती जागा दुसऱ्या कुणाची. मला अजून फारसं काही वाटत नाही. वाटेल तेव्हा कळवीन.

दोन्ही घड्याळं जपून ठेवली आहेत. मनगटी परत पाठवते. दुसरं आप्पा पाठवू देत नाहीत, ते न्यायला तुम्हीच यावं म्हणतात. ते स्वतः लिहिणार आहेत. मी लिहून देते म्हटलं तर नको म्हणाले. आमच्यावरची माया उणी होऊ देऊ नका.

पारू


वाडी
१३ फेब्रुवारी १९९४

श्री. त्रिंबकराव यांस, बद्रीनाथचा रामराम.

डाव्या हातानं लिहितोय. अक्षर बालवाडीचं आलंय, हसू नका. एवढ्याला दोन सकाळी गेल्या. गेल्या तर गेल्या.

तुम्ही घड्याळ घेऊन माझ्या मागं उभे राहिला त्या दिवशी मी पळालो. तुम्ही पळा म्हणला नव्हता. बायकोचा भाऊ मोजतोय, साऱ्या शॉपपुढं त्याचा माणूस ढिला दिसू नये, एवढंच डोक्यात. बाकीचे मागून लई बोलले मला. खरं तेच बोलले. मग प्रमाण तसंच बसलं आणि रोज तसंच पळावं लागलं. प्रेसची बचावाची जाळी हाताच्या आड यायची, ती मी काढली. तुम्ही नाय.

राजाबाई शिफ्ट शिफ्ट म्हणती. मला तुमची शिफ्ट ठाव हाय.

पोरगी मुंबईला जायच्या आधी येऊन जा. घड्याळ घेऊन जा. टिकली मी पंचाहत्तरावर लावलीय, काढू नका.

जेवायला लई वेळ लागंल. मला डाव्या हातानं भाकरी मोडाया जमत नाय अजून. तवर मागं उभं राहू नका. शेजारी बसा.

बद्रीनाथ